खतामागचा माणूस पाहणारा न्यायाधीश

सोलापूरच्या कोर्टात वकिली करताना चाळीस वर्षे कशी गेली ते कळले नाही. या काळात किती अशील आले नि गेले, त्यांची नावेही आता आठवत नाहीत. पण एक म्हातारी मात्र आठवते. वकिलीची पहिली पाच-सात वर्षे असतील. वाटपाचा दावा होता. दिरांनी समेट केला, तडजोड पुरसिस मीच लिहिली. कोर्टापुढे उभे राहण्याआधी व्हरांड्यात मी ती तिला वाचून दाखवली. वाचली म्हणजे काय, आमच्या कोर्टी मराठीत भरभर वाचली. समजले का, असे विचारले. तिने मान डोलावली. अंगठा उठवला, मी ओळख पटवली, हुकूमनामा झाला.

चार महिन्यांनी ती पुन्हा आली. घर हयातभर तुझेच राहील असे दिरांनी तिला सांगितले होते. कागदावर मात्र एका खोलीत राहण्यापुरता हक्क होता आणि तिने बाकी सर्व हिस्सा सोडला होता. अंगठा आपलाच आहे, पण मजकूर आपला नाही, एवढेच ती पुनःपुन्हा सांगत होती. त्या कागदावर ओळख पटवणारा म्हणून माझी सही होती. मी तिला दुसऱ्या वकिलाकडे पाठवले. पुढे काय झाले ते मी विचारले नाही. विचारायला हवे होते.

त्या दिवसानंतर मी एका माणसाचे चरित्र नव्याने वाचू लागलो. शाळेच्या पुस्तकातून त्यांची ओळख होतीच. समाजसुधारक, अर्थशास्त्रज्ञ, विद्वान वगैरे. पण अंगठा आपला, मजकूर परका, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या हजारो माणसांच्या प्रश्नाला त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे दिली, आणि त्या माणसांत आपल्या सोलापूर जिल्ह्याचे शेतकरी होते, हे मला ठाऊक नव्हते. ते म्हणजे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे.

निफाड ते अक्कलकोट

माधवरावांचा जन्म १८ जानेवारी १८४२ चा, नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा. वडील गोविंदराव नोकरीनिमित्त कोल्हापुरास गेले, त्यामुळे मुलाचे बालपण तिथे गेले. मूल अंगाने स्थूल, बोलायला मंद, दिसायला साधे. हा पुढे काही करील असे घरातल्या कोणाला फारसे वाटत नसे. त्यांच्या लहानपणची एक गोष्ट सांगतात. खेळायला कोणी नाही म्हणून ते खांबाला भिडू करून सोंगट्या खेळायला बसले. एका हाताने स्वतःचे दान टाकायचे, दुसऱ्या हाताने खांबाचे. खांब जिंकला. पाहणारे हसले, पण मुलाला त्यात हसण्यासारखे काही वाटले नाही. खांबाचे दान चांगले पडले, तर खांबच जिंकणार. गोष्ट खरी असो वा मागाहून रचलेली, पुढे जो न्यायाधीश झाला त्याला ती शोभते. जो समोर बोलू शकत नाही, त्याच्या वाट्याचे दानही तितक्याच प्रामाणिकपणे टाकायचे.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. त्याच्या मॅट्रिकच्या पहिल्याच परीक्षेत, १८५९ साली, उत्तीर्ण झालेल्या मोजक्या मुलांत माधवराव होते. १८६२ मध्ये बी. ए., मग एम. ए., आणि १८६६ मध्ये एलएल. बी. वाचनापायी डोळे मात्र कायमचे अधू झाले. पुढे आयुष्यभर त्यांना दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागे.

पदवी हाती आल्यावर सरकारने त्यांना शिक्षण खात्यात मराठीचे भाषांतरकार नेमले, आणि त्याच सुमारास थोड्या काळासाठी अक्कलकोट संस्थानचा कारभार पाहायला पाठवले. आपल्या जिल्ह्याशी त्यांचा पहिला संबंध तो. त्या काळी अक्कलकोटात श्रीस्वामी समर्थांचे वास्तव्य होते. गाव भक्तांनी गजबजलेले असे. चोवीस-पंचवीस वर्षांचा हा तरुण कारभारी तिथे फार दिवस राहिला नाही. लवकरच तो कोल्हापुरास न्यायाधीश म्हणून गेला, मग एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवू लागला, आणि १८७१ च्या अखेरीस पुण्यात सबजज्ज म्हणून आला. पुण्यात आदल्या वर्षीच सार्वजनिक सभा स्थापन झाली होती. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, तिचे हातपाय होते. रानडे लवकरच तिचे डोके झाले.

खताचे गणित

रानड्यांचे काम समजायचे तर आधी खताचे गणित समजले पाहिजे. आजच्या पिढीला खत म्हटले की युरिया आठवतो. आमच्या आजोबांच्या पिढीला खत म्हणजे कर्जाचा कागद. शेतकऱ्याला अक्षर येत नसे. त्याच्या नावापुढे नांगराची निशाणी काढली जाई. लिहिणारा सावकाराचा, साक्षीदार सावकाराचे, कागद सावकाराच्या पेटीत.

१८५९ साली सरकारने मुदतीचा कायदा केला. साध्या कर्जरोख्यावर तीन वर्षांच्या आत फिर्याद झाली पाहिजे, असा त्याचा सारांश. हेतू चांगला होता; व्याज वर्षानुवर्षे साचू नये. झाले उलटे. मुदत संपायच्या आत सावकार कुळाला बोलावी, हिशेब झाला असे म्हणे आणि मुद्दल व व्याज मिळून नवे खत लिहून घेई. जुना व्यवहार मिटला, नवा सुरू झाला, असे त्या कागदात लिहिलेले असे.

उदाहरणादाखल पाहू. शंभर रुपयांचे कर्ज, व्याज दरमहा शेकडा दोन. तीन वर्षांनी व्याज ७२. नवे खत १७२ चे. आणखी तीन वर्षांनी ते होते सुमारे २९६ रुपयांचे, आणि नऊ वर्षे संपताना सुमारे ५०९. शेतकऱ्याच्या घरात मधल्या काळात नवा रुपया एकही आलेला नाही. उलट सुगीला दोन पोती ज्वारी सावकाराकडे गेली असेल, त्याच्या वाड्यावर बैलजोडी राबली असेल. त्याची नोंद असलीच तर सावकाराच्या वहीत. आणि कोर्टात शेवटी उभे राहते ते नववे वर्ष संपताना केलेले खत. त्यावर स्वच्छ लिहिलेले की पाचशे नऊ रुपये रोख मिळाले, मान्य आहे, निशाणी नांगर.

कोर्ट कागद बघे. निशाणी तुझी का, हा प्रश्न. हो म्हटले की संपले. बहुधा तेवढेही होत नसे, कारण कुळ कोर्टात येतच नसे आणि हुकूमनामा एकतर्फी होई. मग जप्ती, आणि न भागल्यास दिवाणी तुरुंग.

त्यातच १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६० मध्ये सोलापूरपर्यंत आगगाडी आलेली होतीच. सावकारांनी हात सैल सोडून कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळले, त्याच सुमारास कित्येक तालुक्यांत नव्या पाहणीने सारा वाढला. कर्ज राहिले, कमाई गेली.

सुप्याचा बाजार आणि सोलापूरचा दुष्काळ

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. त्या दंग्यांचे वैशिष्ट्य असे की लोकांना पैशापेक्षा कागद हवे होते. खते दिली की ते बहुधा सावकाराच्या अंगाला हात लावत नसत. कागदांची होळी करून परत जात. सरकारने चौकशी मंडळ नेमले. नगर जिल्ह्यातील काही गावे मंडळाने बारकाईने तपासली. सुमारे एक तृतीयांश खातेदार कर्जात रुतलेले होते आणि त्यांचे कर्ज सरासरीने त्यांच्या साऱ्याच्या अठरा पट होते.

मंडळाचा अहवाल छापून होतो न होतो तोच १८७६-७७ चा भीषण दुष्काळ आला. सोलापूर जिल्हा त्याच्या तोंडी सापडला. १८८१ च्या खानेसुमारीत जिल्ह्याची लोकसंख्या १८७२ पेक्षा बरीच घटलेली दिसते. किती घरे मेली, किती गावे सोडून गेली याचा तो मुका दाखला. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुरीत कपात केली तेव्हा मजुरांनी कामे सोडली. सार्वजनिक सभेने माणसे गावोगाव पाठवली, हकिकती गोळा केल्या आणि सरकारपुढे मांडल्या. या खटपटीमागे रानड्यांची लेखणी व बुद्धी होती. सरकारी नोकर असूनही त्यांनी ती लपवली नाही.

त्याची किंमतही पडली. १८७८ मध्ये त्यांची पुण्याहून नाशिकला बदली झाली. पुढच्या वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड झाले, पुण्यात बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा यांना आगी लागल्या, आणि संशयी सरकारने रानड्यांना आणखी दूर धुळ्याला पाठवले. तिथे त्यांची पत्रे फोडून वाचली जात. रानड्यांनी न रागावता काम केले. काही काळाने सरकारचाच संशय फिटला.

बंड आणि दंगे यांची धास्ती घेतलेल्या त्याच सरकारने १८७९ अखेर एक कायदा केला. दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा. १ नोव्हेंबर १८७९ पासून तो चार जिल्ह्यांत लागू झाला. पुणे, सातारा, नगर आणि आपले सोलापूर.

झाले गेले पुन्हा उघडायचे

हा कायदा मी जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा थक्क होतो. कराराचा पवित्रपणा हा इंग्रजी कायद्याचा आत्मा. १८७२ सालच्या भारतीय करार कायद्यात एवढी सवलत होती की फसवून, खोटे सांगून किंवा दडपण आणून संमती घेतली असेल, तर ज्याची संमती घेतली त्याला तो करार रद्द करून मागता येतो. पण फसवणूक सिद्ध कोणी करायची? ज्याची फसवणूक झाली त्यानेच. निरक्षर कुणब्याने सावकाराच्या वहीविरुद्ध, सावकाराच्या साक्षीदारांविरुद्ध ते कसे सिद्ध करावे?

१८७९ च्या कायद्याने ही बाजू उलटी केली. त्याच्या बाराव्या-तेराव्या कलमांनी न्यायाधीशावरच काम टाकले. कुळाने काही न म्हणताही कोर्टाने व्यवहाराचा इतिहास खणून काढायचा. मध्ये हिशेब मिटला असे कितीही वेळा लिहिलेले असो, जुने देणे संपून नवे झाले असे कबूल केलेले असो, तो सर्व बाजूला ठेवून पहिल्या रुपयापासून खाते उघडायचे. मुद्दल वेगळे, व्याज वेगळे. व्याजावर व्याज नाही. कुळाने दिलेले धान्य, केलेली चाकरी, जमिनीचे उत्पन्न, सर्व जमेस धरायचे. व्याज मुद्दलाहून अधिक होऊ द्यायचे नाही. हा तर आपल्याकडचा जुना दामदुपटीचा नियम. वरच्या उदाहरणात पाचशे नऊचे खत दोनशेच्या वर जाऊच शकत नाही, आणि ज्वारी जमा धरली तर त्याहूनही खाली येते.

त्यातली एक तरतूद मला अधिक मोलाची वाटते. कुळाने कोर्टात उभे राहून कर्ज कबूल केले तरी तेवढ्याने भागत नाही. ती कबुली खरी आहे आणि आपले हक्क काय आहेत हे पुरते समजून दिलेली आहे, अशी न्यायाधीशाची खात्री झाली पाहिजे, आणि त्याची कारणे त्याने लिहून ठेवली पाहिजेत. मान डोलावणे पुरेसे नाही. व्हरांड्यातली ती म्हातारी मला इथे आठवते.

शिवाय कर्जासाठी शेतकऱ्याला अटक करणे बंद झाले. गहाण नसलेली जमीन जप्तीतून सुटली. खत गावच्या नोंदणी कामगारासमोरच लिहायचे, पावती द्यायची, मागितल्यास हिशेबाचे पुस्तक द्यायचे, असे नियम आले. शेतकऱ्याला स्वतः होऊन हिशेब मागण्याचा हक्क मिळाला. आणि खालची कोर्टे हे सारे खरोखर करतात की नाही हे पाहायला एक विशेष न्यायाधीश नेमला. चारही जिल्ह्यांतली दप्तरे तो मागवू शके, तपासू शके आणि अन्याय दिसल्यास निकाल फिरवू शके.

दौऱ्यावरचा न्यायाधीश

डॉ. पोलन हे या जागेवर होते. १८८१ पासून रानडे त्यांच्या हाताखाली या कामात आले, आणि मधली काही वर्षे पुण्याच्या स्मॉल कॉज कोर्टात व सरकारच्या अर्थसमितीवर काढल्यावर १८८७ मध्ये पोलन यांच्या जागी स्वतः विशेष न्यायाधीश झाले. १८९३ पर्यंत ते या कामावर होते.

हे काम खुर्चीत बसून करण्याचे नव्हते. पावसाळा सरला की चार जिल्ह्यांत फिरती सुरू होई. बैलगाड्या, तंबू, मुक्कामाचे बंगले, दप्तरांचे गठ्ठे. रमाबाईही बरोबर असत. गावोगावच्या मुलींच्या शाळा पाहत, बायकांशी बोलत. डोळे अधू असल्याने माधवराव कागद वाचून घेत आणि ऐकत. मला वाटते, ऐकण्याची ही सवय त्यांच्या न्यायाला उपकारक झाली असावी. डोळ्याला कागदावरची ओळ दिसते. तीच ओळ कानाने ऐकली की तिच्यातला खोटा सूर लवकर कळतो. चाळीस वर्षांच्या वकिलीनंतरचे हे माझे मत आहे, एवढेच.

आपला जिल्हा म्हणजे करमाळा, माढा, बार्शी, पंढरपूर, सांगोले, माळशिरस. पाऊस आला तर आला. इथे कर्ज हे उधळपट्टीचे नव्हे. एक पाऊस हुकला की बियाणे गेले, दुसरा हुकला की बैल गेला. रानड्यांना हे पक्के ठाऊक होते. म्हणून सावकाराला राक्षस ठरवून ते मोकळे झाले नाहीत. सारा ठरलेल्या हप्त्याला रोख मागितला जातो, पीक आले नाही तरी मागितला जातो, आणि गावात भांडवल दुसऱ्या कोणाकडे नाही. मग शेतकरी सावकाराच्या दारी जाणार नाही तर कुठे, असा त्यांचा विचार होता. सभेच्या त्रैमासिकातून त्यांनी तो वारंवार मांडला. खत फोडून बघणारे कोर्ट हवेच, पण शेतकऱ्याला माफक व्याजाने पैसा देणारी पेढीही हवी. सर विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना केली तेव्हा रानड्यांनी तिला पाठिंबा दिला. विलायतेहून ती नामंजूर झाली. सहकारी पतसंस्थांचा कायदा आला १९०४ मध्ये; तो पाहायला रानडे नव्हते.

आणखी एक उणीव आपल्या शहराच्या दृष्टीने सांगण्यासारखी आहे. कायद्याचे संरक्षण शेतीवर पोट असलेल्यालाच होते. सोलापुरात सूत उधार घेऊन मागावर लुगडी विणणारा साळी-पद्मसाळी सावकाराच्या वहीत तितकाच अडकलेला असे, पण त्याच्यासाठी हे कलम नव्हते.

कबुलायतीची पळवाट

कायद्याला वाट असते तशी पळवाटही. फिर्यादीआधी समेट व्हावा म्हणून सरकारने गावोगावच्या प्रतिष्ठित माणसांना समेट करणारे म्हणून नेमले होते. त्यांच्यापुढे सावकार आणि कुळ यांनी कबुलायत लिहून द्यायची, ती कोर्टात पाठवायची, आणि महिनाभरात कोणी हरकत घेतली नाही तर तिला हुकूमनाम्याचे बळ यायचे. कल्पना सुंदर. गावातले भांडण गावात मिटावे, वकिलाचा खर्च वाचावा.

पण सावकार शहाणा असतो. कोर्टात गेले तर पहिल्या रुपयापासून हिशेब उघडणार. त्यापेक्षा समेटकर्त्यापुढे बसून कुळाकडून सगळी रक्कम कबूल करून घेतली तर? कुळाला सांगायचे की हप्ते बांधून देतो, उगाच कोर्टात कशाला. हे सांगायचे नाही की कोर्टात गेलास तर निम्मे देणे उडेल. समेटकर्ता कधी अजाण, कधी उदासीन. कबुलायत तयार. खोटे असे कोणी काही बोलले नाही. फक्त जे सांगायला हवे ते सांगितले नाही. फसवणुकीचा हा प्रकार सर्वांत सभ्य आणि सर्वांत अवघड. म्हणून पुढे कायद्यात असे आले की समेटाचा कागद कोर्टाने नुसता दाखल करून घ्यायचा नाही; तो कायदेशीर आणि न्याय्य आहे का ते तपासायचे.

दुसरी पळवाट अधिक धीट होती. गहाणखताऐवजी सरळ खरेदीखतच करून घ्यायचे. तोंडी सांगायचे की पैसे फेडलेस की जमीन परत. कागदावर मात्र विक्री. खाते उघडायला कर्जच नाही, मग कोर्ट काय उघडणार? यावर इलाज झाला तो रानड्यांच्या मृत्यूनंतर, १९०७ मध्ये. कागदावर विक्री असली तरी खरा व्यवहार काय होता याचा तोंडी पुरावा घेण्याची मुभा कोर्टांना मिळाली.

या कायद्यावर टीकाही पुष्कळ झाली, आणि ती सगळी स्वार्थाची नव्हती. टिळकांच्या पत्रांनी तो सावकार आणि कुळ यांच्यातला जुना विश्वास मोडणारा ठरवला. मिटलेला व्यवहार कधीच मिटत नसेल तर उद्या कर्ज देणार कोण? शेतकऱ्याची पत गेली तर त्याला वाचवले काय? १८९१-९२ मध्ये सरकारने या कायद्याच्या कामाची चौकशी केली तेव्हा हेच प्रश्न पुढे होते. मला वकील म्हणून हे प्रश्न हसण्यावारी नेता येत नाहीत. कराराला काही अखेर हवी. पश्चात्ताप झालेल्या प्रत्येकाला करार मोडता आला तर समेट नावाची वस्तूच उरणार नाही. फसलेला आणि पस्तावलेला यांत फरक करणे, हेच तर न्यायाधीशाचे काम. १८७९ च्या कायद्याने त्याला सोपा नियम दिला नाही; चौकशीचे कष्ट दिले. रानड्यांनी ते कष्ट घेतले.

घरातल्या दोन तडजोडी

दुसऱ्याच्या संमतीची इतकी छाननी करणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या आयुष्यात दोन प्रसंग असे आले की वाचताना मन थबकते.

पहिला १८७३ चा. पहिली पत्नी वारली. माधवराव विधवाविवाहाचे उघड पुरस्कर्ते, वय एकतीस. आता हा विधवेशी लग्न करणार या भीतीने वडिलांनी घाईने स्थळ पाहिले. साताऱ्याकडच्या देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची अकरा वर्षांची मुलगी. माधवरावांनी विनवले, मुदत मागितली. वडिलांनी सांगितले की ऐकणार नसशील तर आपला संबंध संपला, मी कोल्हापुरास निघून जातो. माधवराव गप्प झाले आणि बोहल्यावर उभे राहिले. मित्र तुटले, विरोधकांनी टर उडवली. त्या अकरा वर्षांच्या मुलीची संमती कोणी विचारलीच नव्हती. लग्न झाल्यावर मात्र त्यांनी तिला स्वतः अक्षरे शिकवायला घेतली. त्याच रमाबाई पुढे सेवासदनाच्या आधारस्तंभ झाल्या. आपल्या सोलापूरचे सेवासदन ही त्या पुण्याच्या सेवासदनाचीच शाखा.

दुसरा प्रसंग पंचहौद मिशनच्या चहाचा. १८९० च्या ऑक्टोबरात तिथे चहा घेतला म्हणून पुण्यात गहजब झाला, बहिष्कार पडला. रानड्यांना स्वतःला त्याची फिकीर नव्हती, पण बरोबरच्या मित्रांच्या घरी लेकी-सुनांची माहेरे तुटली. १८९२ मध्ये मित्रांसाठी म्हणून त्यांनी प्रायश्चित्त घेतले. रमाबाईंनाही ते रुचले नाही.

या दोन प्रसंगांवरून त्यांना भित्रे म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मी त्यांची वकिली करणार नाही. पण मला असे वाटते की दडपणाखाली दिलेली संमती म्हणजे काय, हे त्यांनी पुस्तकातून शिकले नव्हते. बापाने रडून, मित्राने हात जोडून मिळवलेला होकारही कागदावर होकारच दिसतो. खतावरच्या नांगराकडे पाहताना हा माणूस त्या शेतकऱ्यापेक्षा स्वतःला फार उंच समजत नसावा.

१ सप्टेंबर १८९३ रोजी न्यायमूर्ती तेलंग वारले आणि त्यांच्या जागी नोव्हेंबरात रानडे मुंबई हायकोर्टात गेले. इतिहासावरचा त्यांचा ग्रंथ १९०० मध्ये निघाला. १६ जानेवारी १९०१ रोजी, एकोणसाठावा वाढदिवस दोन दिवसांवर असताना, ते गेले.

आणि आज

तो कायदा आता नाही. १९३९ आणि १९४७ साली कर्जनिवारणाचे नवे कायदे आले, जुना इतिहासजमा झाला. पण त्याचा प्रश्न इतिहासजमा झाला नाही. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यात अवैध सावकारीच्या पोटी झालेली जमिनीची खरेदी तपासण्याचा अधिकार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाला दिला आहे. मागच्या पंधरा वर्षांतला असा दस्त खोटा ठरवून जमीन परत देता येते. एकशे तीस-पस्तीस वर्षांनी पुन्हा तेच. कागदावर विक्री, आत कर्ज.

कोर्टातल्या समेटाबद्दल मात्र वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फसवून वा खोटे सांगून घेतलेली तडजोड कायद्याने रद्द होऊ शकते. पण १९७६ च्या दुरुस्तीपासून त्यासाठी वेगळा दावा चालत नाही. ज्या कोर्टाने तडजोडीवर हुकूमनामा केला त्याच कोर्टापुढे, वेळ न दवडता जावे लागते. आणि साधी काळजी घेतली असती तर खरे काय ते कळले असते, असे दिसले तर नुसत्या चुकीच्या माहितीचे कारण बहुधा टिकत नाही. रानड्यांच्या वेळी विचारण्याचे ओझे न्यायाधीशावर होते. आज ते पुन्हा बरेचसे सही करणाऱ्यावर आले आहे.

आणि थोडेसे आम्हा वकिलांवर. त्या म्हातारीनंतर मी एक नेम केला. समेटाचा कागद अशिलाला वाचून दाखवायचा, मग कागद बाजूला ठेवायचा आणि त्यात काय आहे ते त्याने मला सांगायचे, त्याच्या भाषेत. पुष्कळदा वेळ जातो, बेलिफ पुकारा करत असतो, समोरचे वकील घड्याळ बघतात. दोन-तीन वेळा असेही झाले की अशिलाने सांगितलेले आणि मी लिहिलेले जुळेना, आणि समेट तिथेच थांबला. थांबला ते बरे झाले.

ती म्हातारी आता नसेल. तिच्या दिरांनी तिला घरात नीट ठेवले की नाही, मला माहीत नाही. तिच्या त्या कागदावर माझी सही अजून आहे.